मदत हवी आहे: ग्लुलॅम तुळई-खांब जोडात डॉवेलच्या ओळीतून जाणारा तडा

जीएल२४एच प्रतीच्या ग्लुलॅमची (फळ्या थरांत चिकटवून केलेल्या लाकडाची) तुळई, २४० × ६०० मिमी. खांबाला जोड आत लपवलेल्या १० मिमी प्लेटने, खाच १२ मिमी. १२ मिमीचे ८ डॉवेल (लाकूड आणि प्लेटमधून आरपार जाणाऱ्या गुळगुळीत पिना), दोन उभ्या रांगांत चार-चार, उभे अंतर ८० मिमी. सर्वात खालचा डॉवेल वरच्या कडेपासून ४८० मिमीवर. जोडावर येणारी डिझाइन प्रतिक्रिया ५० किलोन्यूटन. युरोकोड ५ (लाकडी बांधकामाचं युरोपीय मानक) च्या सूत्राने तंतूंना काटकोनातली फाट तपासली आहे, ती बसते.

अडचण आक्रसण्याची आहे. लाकूड १२ टक्के ओलाव्यावर बसवलं, वापरात ते ८ टक्क्यांवर येईल. ओलाव्याच्या दर टक्क्याला ०.२५ टक्के आकुंचन धरलं तर पहिल्या आणि शेवटच्या डॉवेलमधल्या २४० मिमीत २.४ मिमी आकुंचन होतं, पण प्लेट ते होऊ देत नाही. वाळवलेल्या नमुन्यात खालच्या दोन डॉवेलना जोडणारा, तंतूंच्या दिशेने गेलेला केसासारखा तडा स्पष्ट दिसला.

प्लेटमध्ये वरच्या तीन आडव्या ओळींना उभी लांबट भोकं देऊन पाहिली, पण मग सगळा भार खालच्या दोन डॉवेलवर येतो आणि ते अपुरे पडतात. खालची ओळ जागेवर ठेवून अंतर ३६ मिमी केलं तर आकुंचन १.१ मिमीवर येतं, मात्र विकेंद्री भाराच्या घूर्णामुळे (मोमेंटमुळे) टोकाच्या डॉवेलवर जास्त ताण येतो.

६० मिनिटांचा अग्निरोध हवा आहे, डॉवेलच्या टोकांवर ५० मिमी लाकडी बूच आहेत. त्यामुळे उघडा हँगर (बाहेरून दिसणारा धातूचा आधार) किंवा खालून टेकू देता येत नाही.

३६ मिमीच्या मांडणीत जोडाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण आट्यांचे उभे स्क्रू घालावेत का, की तेही आक्रसणं अडवून नवे तडे पाडतील? घालायचे तर डॉवेलच्या रांगेपासून किती अंतरावर?