डायब्लो २: नुसते क्लिक करणे नव्हे
'डायब्लो २' हा संगणकावरचा खेळ म्हणजे नुसती माउसची आदळआपट, हे काहींचे मत मला पटत नाही. २००० साली आलेल्या या खेळात खरी कसोटी लागे ती कौशल्यगुण (पात्राची कौशल्ये वाढवायला मिळणारे गुण) वाटताना, कारण एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे आणि तो भलत्याच ठिकाणी खर्च झाला, की पुढच्या काठिण्यपातळीवर पात्र हमखास उघडे पडे. गुण परत घेण्याची सोय खेळातल्या अकारा या पात्राकडे मिळू लागली ती थेट २०१० मध्ये, १.१३ पॅचमधून, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीतून. सामान ठेवायला ४०च चौकटी असण्याचा जाच मात्र मान्य. तरी चारच चौकटी अडवणाऱ्या होराड्रिक क्यूब या जादुई पेटीच्या पोटात १२ घरे असतात हे कळल्यावर मी (कंजूषपणाने) त्यात आधी औषधाच्या बाटल्याच कोंबल्या होत्या.