मदत हवी आहे: वॉलरस ढोंगी आहे हे मुलीला कसं पटवू?

मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यम. लुईस कॅरलची वॉलरस (सुळे असलेला समुद्री प्राणी) आणि सुताराची कविता (1871) वाचतोय. दोघं कालवांना (शिंपल्यातल्या जीवांना) गोड बोलून किनाऱ्यावर फिरायला नेतात आणि पाव-व्हिनेगरसोबत फस्त करतात. वॉलरस म्हणतो, तुमच्यासाठी रडू येतंय. आणि रडत रडत मोठीमोठी कालवं निवडून काढतो!

मुलगी म्हणते, "बाबा, त्याला निदान वाईट तरी वाटलं." आता काय बोलणार? ही कविता ज्या गोष्टीच्या पुस्तकात येते, त्याची नायिका ॲलिसही आधी हेच म्हणते. मग तिला कळतं की त्याने रुमालाआड लपून सुतारापेक्षा जास्त खाल्ली. बरं, सुतार तरी साधा? त्यानेही मिळतील तेवढी खाल्लीच.

'लोका सांगे ब्रह्मज्ञान' सांगून पाहिलं, तिला उपदेश वाटला. नक्राश्रू म्हटलं तर मगर कुठून आली म्हणाली. ढोंग वॉलरसचं, पण उपरोध कवीचा, हा फरकच तिला उमगत नाहीये. शिवाय याला उपरोध म्हणायचं की वक्रोक्ती, इथे माझाही गोंधळ आहे. घरातलं, रोजचं एखादं उदाहरण सुचवाल का? मराठीच्या शिक्षकांनी जरूर सांगावं. परवा चाचणी आहे.