प्रतिसाद : प्रयोगशाळा दुय्यम नाही

पुरातत्त्व हे उत्खननाच्या खड्ड्यातच शिकायचे असते, विद्यापीठातील प्रयोगशाळा ही दुय्यम सोय आहे, या मताशी मी सहमत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण घ्या. तेथील अभ्यासकांनी उत्खनन केलेल्या, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील) वस्तीतील लोक जव पिकवत आणि गुरे पाळत, हे कळले ते जळलेले दाणे व हाडांचे तुकडे चिकाटीने तपासले गेले म्हणून. मातीचा नमुना पाण्यात ढवळला की कोळसा झालेले हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर धरून, सावकाश वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. हाडाचा बोटभर तुकडा शेळीचा की हरणाचा, हे ठरवायला आजच्या प्राण्यांच्या सांगाड्यांचा संग्रह शेजारी लागतो, नुसत्या पुस्तकातील चित्रांवर भागत नाही (शेळी आणि मेंढी यांतील फरक तर अनुभवी माणसालाही चकवतो). म्हणून पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी यंत्रांची यादी वाचण्यापेक्षा, असा संग्रह तेथे आहे का आणि तो विद्यार्थ्यांना रोज हाताळू दिला जातो का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.