सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्व्हर आणि 'थराराला तपशील लागत नाही'

कोल्हेकुई :
परवाच्या 'थरार म्हणजे वेग' या धाग्याचा निष्कर्ष असा की रहस्यकथा, मारधाडपट आणि मेटल संगीत या तिन्हींत तपशील बघत बसणारा माणूस रसिक नव्हे, लेखापरीक्षक. तिथे दोन ओळी लिहून सोडून देणार होतो. आवरेना.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर हा प्राणी आपल्या रहस्यकथांत अजून जिवंत आहे. अहो, रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमध्ये फट असते. बार उडाला की गरम वायू तिथून बाजूला फुटतो. नळीच्या टोकाला काहीही बसवा, दार सताड उघडं ठेवून खिडकीला पडदा लावण्यातला प्रकार. पिस्तुलाचंही 'फुस्स' होत नाही. १६० डेसिबलमधून ३० वजा केले तरी १३० उरतात, शेजारी दचकून उठतो. शिवाय गोळीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या वर असेल तर तिचा स्वतःचा कडाका वेगळा.

दुसरा मुद्दा प्रेताचा. मे महिना, नागपूर, बंद खोली. इन्स्पेक्टर हात लावून म्हणतो, 'गार पडलंय, सहा तास झाले.' खोलीत ४३ अंश असताना ३७ अंशांचं शरीर गार कुठून पडणार? तासाला अंशभर हा हिशेब थंड मुलखातला, तो तसाच उचललाय. उकाड्यात ताठरतासुद्धा लवकर चढते आणि लवकर उतरते. लेखक इथे क्षणभर थांबला असता तर त्याला कोडं फुकटात मिळालं असतं : प्रेत खरंच गार होतं, म्हणजे एसी चालू होता. मग तो बंद कुणी केला?

आणि शेवटी दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून इन्स्पेक्टरसमोर कबुली. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. आरोपीने सुरा कुठे पुरलाय ते सांगितलं आणि तो तिथे सापडला, तर तेवढाच भाग चालतो. म्हणजे शेवटचं प्रकरण दिवाणखान्यात नको, परसात कुदळ घेऊन हवं.

अर्धा_चहा :
'लेखापरीक्षक' चांगलंच झोंबलेलं दिसतंय.

'फुस्स' ही रूढी आहे हो, नाटकातल्या स्वगतासारखी. बाजूच्या पात्राला स्वगत ऐकू कसं जात नाही म्हणून कुणी ध्वनिमापक घेऊन बसतं का? कलमांचं म्हणाल तर खऱ्या तपासात व्हिसेराचा अहवाल यायला महिने जातात. तेही लिहायचं? वाचक झोपेल.

आणि एवढा तोरा मिरवताय तर नागां या रशियन रिव्हॉल्व्हरचं ऐका. १८९५ चं मॉडेल, सात गोळ्या. घोडा ओढला की सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो, काडतुसाचं तोंड नळीत शिरतं, फट बुजते. त्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतात आणि तो चालतो.

कोल्हेकुई :
घ्या, नागां दिला तुम्हाला. आता तो सदाशिव पेठेतल्या विमा एजंटाकडे कसा आला तेवढं सांगा. ते सांगितलंत तर अख्खी कादंबरी विकत घेतो.

निमूट :
८ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ३६० मीटर. ७० किलोच्या माणसाला मिळणारी गती सेकंदाला ४ सेंटिमीटर. आपल्या सिनेमात तो चहाची टपरी घेऊन उडतो. तरी माझी तक्रार उडण्याची नाही, ते दोरीवरचं काम आहे आणि कष्टाचं आहे. तक्रार ठोशाची. ठोसा हवेतच बसतो, म्हणून कॅमेरा, मूठ आणि गाल एका रेषेत लागतात. मग मधली वीतभर जागा दिसत नाही. मान झटकायची वेळ चुकली की सगळं उघडं पडतं, आणि ते झाकायला दीड सेकंदात चार कट. याला वेग म्हणायचं असेल तर म्हणा.

खर्जातला :
अवांतर होईल, पण त्या धाग्यातलं 'मेटल म्हणजे तार ढिली, गेन दहावर, झालं' हे वाक्य डोक्यात गेलंय.

गेन, म्हणजे गिटारच्या अँपवरचं आवाज फाडणारं बटण, दहावर ठेवलात की आवाज दाबून सपाट होतो, पाम म्यूटचा, म्हणजे तळहाताने तार दाबून वाजवलेला, ठोका मरतो. पाच-साडेपाच पुरे. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे पेडल, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तो खालचा गाळ अँपमध्ये शिरण्याआधीच काढतो. रेकॉर्डिंगमध्ये तोच भाग दोनदा वाजवून डाव्या-उजव्या स्पीकरला टाका. मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, कापू नका, घरी भारी वाटतं आणि बँडमध्ये गिटार गायब होते. ८० हर्ट्झच्या खालचं गिटारमधून कापाच. ड्रॉप सीला, म्हणजे सगळ्यात जाड तार सी स्वरापर्यंत उतरवली तर, ०५४ ची (इंचाच्या ५४ सहस्रांश जाडीची) तार.

बारा_गावचं_पाणी :
हसू आलं. ड्रॉप सीची खालची तार ६५ हर्ट्झची, आणि ८० खालचं कापा? मग ढिली कशाला केली, शोभेला?

आणि ०५४ ढिलीच राहते. चार अर्धस्वर उतरवले की ताण ३७ टक्के घटतो. नेहमीच्या ०४६ चा मूळ ताण परत हवा तर ०५८ लागते.

खर्जातला :
६५ चा मूळ स्वर कापला तरी १३०, १९६ उरतात. कान त्यावरून खालचा स्वर स्वतः भरून काढतो. खरा तळ बेस गिटारचा आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा), तिथे तिघांनी गर्दी केली की नुसता चिखल. ०५८ चं मान्य, माझा हात हलका म्हणून ०५४ भागते.

बारा_गावचं_पाणी :
'जाड तारच हवी' हाही सोवळेपणाच. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. त्याने पातळ तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये बरीच गाणी तीन अर्धस्वर खाली. ताण ३० टक्के कमी. ज्याच्यापासून हे सगळं मेटल सुरू झालं त्याचीच तार ढिली.

खर्जातला :
संथ रिफला (पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याला) चालतं ते. मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या लयीत ती तार लावून बघा, प्रत्येक आघाताला स्वर चढेल आणि मग गिटार बेसूर म्हणून ट्यूनरला शिव्या.

अर्धा_चहा :
रहस्यकथेचा धागा होता ना? असो. कोल्हेकुई, तुमच्या त्या एसीवर एक कथा लिहितोय. श्रेय मिळणार नाही. कलमं तर अजिबात नाहीत.

कोल्हेकुई :
लिहा. फक्त त्या दिवशी नागपुरात लोडशेडिंग होतं का, तेवढं आधी ठरवा.

बारा_गावचं_पाणी :
०५८ लावणाऱ्यांनी नटची, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच आधी कानशीने रुंद करा. तार अडकते, वाकवून सोडली की सूर परत जागेवर येत नाही.