नॅव्हिगेट करणे : नौकानयन, सुकाणू धरणे की वाट काढणे?

प्रश्न : ‘नॅव्हिगेट’ला मराठीत नेमकं क्रियापद कोणतं? कोशात ‘नौकानयन करणे’ मिळतं, पण ते गाडीला, वेबसाइटला किंवा कठीण प्रसंगाला लावता येत नाही.

उत्तर : व्युत्पत्तीने कोश चुकलेला नाही. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ एकाच मुळातले आहेत, आणि ‘आगेरे’चं नातं संस्कृत ‘अज्’ धातूशी आहे. ‘अजति’ म्हणजे हाकतो. ‘नौकानयना’त हाकण्याऐवजी नेणं आलं, एवढाच फरक. अडचण आहे ती आजच्या वापराची. ‘नौकानयन स्पर्धा’ म्हटलं की वल्ही आठवतात, म्हणून ‘नौकानयन उपग्रह’ विचित्र वाटतो. वर्तमानपत्रं ‘दिशादर्शक उपग्रह’ लिहितात, तेच योग्य आहे. ‘नौवहन’ मात्र इथे वापरू नका. त्यात मुख्य अर्थ जहाजांनी होणाऱ्या वाहतुकीचा आहे.

प्रश्न : ‘सुकाणू धरणे’ चालेल का?

उत्तर : नाही, ते ‘स्टिअर’. म्हणूनच ‘स्टिअरिंग कमिटी’ची ‘सुकाणू समिती’ झाली. जहाजावर ही दोन कामं वेगळी असतात. सुकाणूवरचा माणूस सांगितलेल्या दिशेला जहाज धरून ठेवतो; ती दिशा कोणती, हे नॅव्हिगेटर ठरवतो. नकाशावर शेवटचं पक्कं ठिकाण घ्यायचं, तिथून दिशेची रेघ ओढायची आणि वेगाला वेळेने गुणून अंतर मांडायचं. ८ नॉट, म्हणजे ताशी ८ सागरी मैल, वेगाने ३ तास म्हणजे २४ सागरी मैल. एक सागरी मैल १८५२ मीटरचा. पण प्रवाह आणि वारा जहाजाला बाजूला ढकलत असतात, त्यामुळे दीपगृह, तारे किंवा उपग्रह यांवरून ठिकाण पुन्हा पडताळावं लागतं. दिशा एका अंशाने जरी चुकली, तरी ६० मैलांनंतर जहाज सुमारे एक मैल बाजूला गेलेलं असतं, आणि त्यात सुकाणूवाल्याचा काहीच दोष नसतो. आपण कुठे आहोत, कुठे जायचंय आणि चुकलं तर किती वळायचं, हे तिन्ही ‘नॅव्हिगेट’मध्ये येतं. नुसतं ‘जाणे’ त्याला पुरत नाही.

प्रश्न : मग एकच प्रतिशब्द नाहीच?

उत्तर : नाही, आणि तो शोधण्याचा हट्टही नको. इंग्रजी वाक्यात पुढे काय येतं ते पाहा. ‘नॅव्हिगेट टू’नंतर ठिकाण येतं, तिथे सरळ ‘जा’ म्हणा : ‘सेटिंग्जमध्ये जा’. ‘नॅव्हिगेट बाय’नंतर साधन येतं : ‘ताऱ्यांवरून दिशा ठरवणे’. थेट नदी किंवा सामुद्रधुनी कर्म असेल तर ‘जहाजाने पार करणे’. ‘नॅव्हिगेबल’ नदी म्हणजे जहाज जाईल इतकी खोल आणि रुंद, जलवाहतुकीस योग्य. गाडीत शेजारी बसलेला नॅव्हिगेट करतो, म्हणजे रस्ता सांगतो. ‘मी चालवते, तू रस्ता सांग’ याहून नेमकं भाषांतर मला दिसत नाही.

आणखी एक उत्तर : लाक्षणिक अर्थाबद्दल, म्हणजे कठीण प्रसंग ‘नॅव्हिगेट’ करण्याबद्दल, एक भर. इथे ‘वाट काढणे’ आणि ‘मार्ग काढणे’ यांत गल्लत होते. गर्दीतून आपण वाट काढतो. ती चाल आहे, अजून संपलेली नाही. ‘अडचणीतून मार्ग काढला’ म्हटलं की तोडगा निघाला, विषय मिटला. इंग्रजी क्रियापद बहुतेक वेळा पहिल्या अर्थाचं असतं, म्हणून ‘किचकट नियमांतून वाट काढत अर्ज मंजूर करून घेतला’ हे वाक्य बसतं. आजारपण, दुःख, घरातले ताण यांना ‘निभावून नेणे’ जास्त शोभतं, आणि त्यात ‘नेणे’ आहेच!

प्रश्न : आणि कीबोर्डच्या सूचनेत? ‘बाणांच्या कळांनी नॅव्हिगेट करा’ असं सर्रास दिसतं.

उत्तर : तिथे वाचणाऱ्याला फक्त हालचाल हवी असते. ‘पुढे-मागे जाण्यासाठी बाणांच्या कळा वापरा.’ यादी उभी असेल तर ‘वर-खाली’ लिहा, नाहीतर माणूस चुकीची कळ दाबेल.