खुल्या सभेत सभासद नसलेल्यांना चर्चेत बोलता येतं का?

इतिवृत्त_लेखनिक:
मंडळाच्या सभा सर्वांसाठी खुल्या आहेत. उपविधींत कामकाजासाठी ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ (सभा कशी चालवावी याच्या नियमांचं अमेरिकी पुस्तक) लागू, एवढंच म्हटलं आहे. ठरावावर चर्चा चालू असताना प्रेक्षकांतून कुणी बोलायला उठलं, तर अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात परवानगी देऊ शकतात का? मत घ्यायचं तर किती बहुमत लागतं?

नियमवही:
सभा खुली असली की येऊन बसता येतं, ऐकता येतं. बोलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. ठराव मांडणं, त्यावर बोलणं आणि मत देणं हे सभासदांचे हक्क आहेत, आणि अध्यक्ष ते एकट्याने दुसऱ्याला देऊ शकत नाहीत.

मात्र सभेला परवानगी देता येते. फक्त माहिती हवी असेल, म्हणजे हिशेबनीसाने आकडा सांगायचा किंवा अभियंत्याने आराखडा समजावायचा, तर साधं बहुमत पुरतं. ठरावाच्या बाजूने किंवा विरोधात युक्तिवाद करू द्यायचा असेल तर नियम तात्पुरता स्थगित करावा लागतो आणि त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. ही मोजणी पडलेल्या मतांची. तटस्थ राहिलेले धरायचे नाहीत. 9 विरुद्ध 5 ला सूचना पडते, 10 विरुद्ध 5 ला मंजूर होते.

एरवी मतदानाची वेळच येत नाही. अध्यक्षांनी विचारावं, “यांना या विषयावर तीन मिनिटं बोलू द्यायला कुणाची हरकत आहे का?” सगळे गप्प, तर परवानगी मिळाली. एकानेही हरकत घेतली की मत घ्यायचं. कोण, कशावर आणि किती वेळ, हे तिन्ही आधीच बोलून घ्या. नाहीतर माहिती द्यायला उठलेला माणूस दोन वाक्यांत प्रचाराला लागतो आणि त्याला थांबवताना अध्यक्षांची अडचण होते.

मतदानाचं मात्र वेगळं आहे. बिगरसभासदाला मत देऊ देण्यासाठी नियम स्थगित करता येत नाही, सगळे एकमताने तयार असले तरीही.

सभाशास्त्र_प्रेमी:
वरच्या उत्तराशी सहमत, पण आधी कायदा पाहा. मंडळ सार्वजनिक संस्था असेल आणि तिला लागू असलेल्या कायद्याने नागरिकांना बोलण्याची संधी दिली असेल, तर कायदा वरचढ. त्याच्याखाली संस्थेचे उपविधी, मग तिचे विशेष नियम, आणि रॉबर्ट्सचा क्रमांक त्यानंतर.

दर सभेत हाच प्रश्न येत असेल तर दर वेळी मत घेत बसू नका. कार्यक्रमपत्रिकेत नागरिकांच्या मनोगताचा वेगळा विषय ठेवा, तोही ठराव मांडला जाण्याआधी. चर्चा संपल्यावर ठेवला तर लोकांचं म्हणणं निर्णयात उतरतच नाही, आणि आलेल्या माणसाचा तो अपमान आहे. नावनोंदणी, प्रत्येकाची वेळ, एकूण वेळ हे नियमात लिहा. विरोधी बोलणाऱ्याचाही वेळ तेवढाच.

इतिवृत्त_लेखनिक:
धन्यवाद. मनोगतात नागरिकाने सभासदाला थेट प्रश्न विचारला तर?

नियमवही:
प्रश्न अध्यक्षांमार्फतच. उत्तर द्यायचं बंधन नाही. वाद सुरू झाला तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं. इतिवृत्तात नाव आणि विषय पुरे, भाषण उतरवून घ्यायची गरज नाही.