वितळणबिंदूवर भिस्त नको
टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून थ्रीडी प्रिंट केलेला त्याचा भाग १५०० अंशांच्या चाचणीत सहज टिकेल, हे या चर्चेत मांडलेलं म्हणणं मला पटत नाही. घात बहुतेकदा थंड होताना होतो. काही शे अंशांखाली टंगस्टन ठिसूळ होतं. लेझरने वितळवलेला प्रत्येक थर त्या टप्प्यातून झपाट्याने खाली येतो आणि कणसीमांवर (धातूतले स्फटिककण जिथे एकमेकांना भिडतात तिथे) केसासारख्या भेगा पडतात. तिथे ऑक्सिजन साचला असेल तर आणखीच. म्हणजे भाग भट्टीत जाण्याआधीच तडकलेला असू शकतो. नुसत्या सीटी स्कॅनवर (क्ष-किरणांनी भागाच्या आतलं बघण्यावर) विसंबू नका, फार बारीक भेगा त्यात निसटतात. एक नमुना कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

भट्टीतल्या वातावरणाबद्दल मात्र इथे कोणीच बोललं नाही. मॉलिब्डेनम या अशाच उच्च तापमानाला वितळणाऱ्या धातूचा नमुना तापवताना आमच्या निर्वात भट्टीचं एक सील गळत होतं, म्हणजे आत हवा शिरत होती. उघडून बघतो तर थंड भिंतीवर फिकट पिवळसर सुया जमलेल्या आणि नमुन्याचं वजन घटलेलं! तापलेल्या मॉलिब्डेनमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारं मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड ७९५ अंशांच्या आसपासच वितळतं आणि त्याआधीपासून उडायला लागतं, त्यामुळे धातूवर संरक्षक थर टिकतच नाही. तेव्हापासून ताणचाचणीचा (नमुना ओढून ताकद मोजण्याचा) आकडा बघण्याआधी मी निर्वाताची नोंद आणि नमुन्याचं आधीचं-नंतरचं वजन मागतो.